भयपट आणि वयोगट : कोणत्या वयाला किती भीती?



यंदाच्या स्नेहसंमेलनात नववी-दहावीच्या मुलांनी तयार केलेला बारा मिनिटांचा भयपट दाखवायचा आहे, हे एव्हाना सगळ्यांना कळले असेलच. कथा मुलांची, कॅमेरा एका पालकांच्या मोबाइलचा आणि चित्रीकरण आपल्याच शाळेत, रविवारी. चित्रपटाचे नाव इथे सांगत नाही, थोडी उत्सुकता राहू दे. कथा मात्र थोडक्यात सांगावी लागेल, कारण पुढचे सगळे तिच्यावरच आहे. शाळा सुटल्यावर एक मुलगी विसरलेली वही आणायला वरच्या मजल्यावर जाते. रिकाम्या वर्गातून पाढे म्हणण्याचा आवाज येतो. फळ्यावर खडू आपोआप तिचे नाव लिहितो. मग जिन्यावर पावले वाजू लागतात...

चित्रपट तयार झाला आणि प्रश्न आला, हा कोणी पाहायचा? बैठकीत दोन मते पडली. मुलांनी एका सुरात सांगितले, ‘‘सर, आम्ही याला ‘ए’ देणार!’’ ‘ए’ म्हणजे चित्रपट खरोखर भयंकर, असा त्यांचा हिशेब. एक ज्येष्ठ विश्वस्त म्हणाले, ‘‘अहो, बालवाडीपासून सगळ्यांना बसू द्या. आम्ही तर आजीकडून हडळ, मुंजा, वेताळ ऐकतच लहानाचे मोठे झालो. काय बिघडले आमचे?’’

मुलांना मी एकच प्रश्न विचारला, ‘‘तुमची वये किती?’’ उत्तर आले, चौदा, पंधरा. ‘‘मग ‘ए’ दिले तर तुमचा चित्रपट तुम्हालाच पाहता येणार नाही. अठरा वर्षे पूर्ण होईपर्यंत थांबावे लागेल!’’ सगळे हसले आणि ‘ए’चा आग्रह तिथेच संपला. विश्वस्तांच्या म्हणण्याला उत्तर देणे मात्र इतके सोपे नव्हते. ते या लेखात पुढे येईलच. आधी ही ‘यू’, ‘यूए’, ‘ए’ अक्षरे आली कुठून ते पाहू.

प्रमाणपत्राची अक्षरे

आपल्या देशात चित्रपटांसाठी पहिला कायदा १९१८ साली झाला आणि १९२० पासून मुंबई, कलकत्ता, मद्रास अशा शहरांत तपासणी मंडळे काम करू लागली. ‘यू’ म्हणजे सर्वांसाठी आणि ‘ए’ म्हणजे फक्त प्रौढांसाठी, ही विभागणी १९४९ च्या दुरुस्तीने आली. आज जो कायदा लागू आहे तो १९५२ चा सिनेमॅटोग्राफ कायदा. १९८३ साली त्यात ‘यूए’ आणि ‘एस’ या दोन वर्गांची भर पडली. ‘एस’ हा डॉक्टरांसारख्या विशिष्ट प्रेक्षकवर्गासाठी असतो. त्याच वर्षी मंडळाच्या इंग्रजी नावातला ‘सेन्सॉर’ शब्द जाऊन ‘प्रमाणन’ या अर्थाचा शब्द आला. आपण अजूनही सवयीने ‘सेन्सॉर बोर्ड’ म्हणतो, पण कापाकापी हे मंडळाचे एकमेव काम नाही. कोणता चित्रपट कोणाला योग्य, हे सांगणे हे त्याचे मोठे काम आहे.

जुन्या ‘यूए’मध्ये एक मोठी अडचण होती. बारा वर्षांखालील सर्व मुलांसाठी एकच सूचना होती, पालकांनी मार्गदर्शन करावे. पण पाच वर्षांचे मूल आणि अकरा वर्षांचे मूल सारखे कसे? आणि तेरा वर्षांच्या मुलाला सोळा वर्षांच्या मुलाइतके सगळे झेपते का? म्हणून २०२३ च्या दुरुस्तीने ‘यूए’चे तीन भाग केले : ७ वर्षांवरील, १३ वर्षांवरील आणि १६ वर्षांवरील. त्याचे नियम २०२४ मध्ये लागू झाले. घरी इंटरनेटवरून दिसणाऱ्या मालिका-चित्रपटांसाठी हीच वये २०२१ च्या नियमांत आधीच आली होती. तिथे वयाबरोबर कारणही सांगायचे असते : हिंसा, भाषा, भीती, धोका, भयप्रसंग, अनुकरण होण्याजोगे वर्तन वगैरे.

यात पालकांनी एक फरक लक्षात ठेवावा. ‘ए’ हे बंधन आहे. अठरा वर्षांखालील मुलाला चित्रपटगृहात ‘ए’ चित्रपटाला सोडता येत नाही. ‘यूए’मधले वय मात्र पालकांसाठी सूचना आहे. दारावरचा माणूस त्यावरून मुलाला अडवणार नाही. तिथे निर्णय आई-वडिलांचाच.

भयपटांमुळेच बदललेले नियम

गंमत अशी, की जगात वयोगटांचे नियम बदलायला अनेकदा भयपटच कारण झाले आहेत. १९३१ साली ‘फ्रँकेन्स्टाइन’ आला. त्यात अश्लील काही नव्हते, पण लहान मुले घाबरत होती. ब्रिटनमध्ये तेव्हा अशा चित्रपटांसाठी वेगळा वर्गच नव्हता. म्हणून १९३२ मध्ये तिथल्या मंडळाने ‘एच’ ही खूण आणली. एच म्हणजे हॉरिफिक, भयानक. पुढे १९५१ मध्ये तिची जागा ‘एक्स’ने घेतली.

अमेरिकेत १९८४ साली ‘इंडियाना जोन्स अँड द टेंपल ऑफ डूम’ आणि ‘ग्रेमलिन्स’ हे दोन चित्रपट ‘पालकांचे मार्गदर्शन असावे’ एवढ्याच सूचनेवर प्रदर्शित झाले. पहिल्यात जिवंत माणसाच्या छातीतून हृदय काढण्याचा प्रसंग आहे! मुलांना घेऊन गेलेले पालक संतापले. पहिल्या चित्रपटाचे दिग्दर्शक आणि दुसऱ्याच्या निर्मितीत सहभागी असलेले स्टीव्हन स्पिलबर्ग यांनी स्वतःच मधला एक वर्ग असावा असे सुचवले आणि त्याच वर्षी ‘पीजी-१३’ सुरू झाला. म्हणजे स्वतः चित्रपट करणाऱ्यानेच मान्य केले, की सगळ्यांसाठी आणि मोठ्यांसाठी यांच्यामध्ये एक पायरी हवी.

आपल्याकडचे उदाहरण घ्या. २०१८ साली काही आठवड्यांच्या अंतराने दोन चित्रपट आले, ‘स्त्री’ आणि ‘तुंबाड’. दोन्हींत लोककथेचा बाज, दोन्हींत भीती. ‘तुंबाड’ तर कोकणातल्या वाड्यात घडतो आणि त्यामागे आपल्या नारायण धारपांच्या कथेची प्रेरणा आहे. तरीही ‘स्त्री’ला ‘यूए’ मिळाले आणि ‘तुंबाड’ला ‘ए’. ‘स्त्री’मध्ये भीती चढली की पाठोपाठ विनोद येतो आणि प्रेक्षकाला श्वास घेता येतो. ‘तुंबाड’मध्ये अंधार आणि पाऊस शेवटपर्यंत सुटका होऊ देत नाहीत. प्रमाणपत्र देताना एखादे दृश्य सुटे न पाहता संपूर्ण चित्रपटाचा एकूण परिणाम पाहावा, असे आपल्याकडच्या मार्गदर्शक सूचनाही सांगतात. भूत आहे की नाही एवढ्यावर वयोगट ठरत नाही. भीती किती वेळ टिकते, तिच्यातून सुटका मिळते का आणि शेवटी मन कुठे येऊन थांबते, यावर तो ठरतो.

कोण कशाला घाबरते?

अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठातील संशोधक जोआन कँटर यांनी मुले आणि पडद्यावरची भीती या विषयावर अनेक वर्षे काम केले. त्यांच्या अभ्यासातून एक गोष्ट स्पष्ट झाली. लहान मुले आणि मोठी मुले वेगवेगळ्या गोष्टींना घाबरतात.

साधारण सात-आठ वर्षांपर्यंतचे मूल दिसण्याला घाबरते. विद्रूप चेहरा, अचानक रूप बदलणारा माणूस, विचित्र आवाज. तो माणूस कथेत चांगला आहे, हे सांगून उपयोग होत नाही. त्यापुढच्या वयात खरोखर घडू शकेल अशा गोष्टींची भीती वाटू लागते : चोर, अपघात, आई-वडिलांना काही होणे. किशोरवयात न दिसणारे, नुसते सुचवलेले संकटही घाबरवते.

दुसरा निष्कर्ष आपल्याला अधिक उपयोगी आहे. ‘‘अगं, हे खरं नाही, नाटक आहे,’’ असे आपण मुलांना सांगतो. नऊ-दहा वर्षांच्या मुलाला याचा उपयोग होतो. चार-पाच वर्षांच्या मुलाला फारसा होत नाही. त्याला शब्दांपेक्षा हात धरायला, कुशीत घ्यायला माणूस लागतो.

आता विश्वस्तांच्या प्रश्नाकडे वळू. आजीच्या गोष्टींनी काही बिघडले नाही, हे अगदी खरे. पण आजी गोष्ट सांगताना नातवाच्या चेहऱ्याकडे पाहत असे. डोळे फार मोठे झाले की ती आवाज उतरवी, हडळीला पळवून लावी, नाहीतर ‘‘बाकीची उद्या’’ म्हणून पांघरूण घाली. मूल तिच्या मांडीवर असे. आपला चित्रपट पडद्यावरून तीनशे मुलांपुढे सुरू झाला, की त्याला एकाचाही चेहरा दिसत नाही. तिसऱ्या रांगेतली दुसरीतली मुलगी रडवेली झाली म्हणून तो थांबणार नाही. आजी ज्या गोष्टी बघून ठरवत असे, त्या आपल्याला आधीच ठरवून ठेवाव्या लागतात. वयोगट तेवढ्यासाठीच असतो. तो मुलांच्या कौशल्याला मिळालेले पदक नाही आणि त्यांना केलेली शिक्षाही नाही.

हे मी बैठकीत सांगितले तेव्हा ते विश्वस्त क्षणभर गप्प राहिले आणि म्हणाले, ‘‘खरे आहे. आमची आजी आम्हाला एकटे सोडून कधी गोष्ट सांगत नसे.’’

आम्ही कसे तपासले

मग मुलांना बरोबर घेऊन आम्ही चित्रपट पुन्हा पाहिला. पाच प्रश्न लिहून घेतले. पुढे कोणाला असा चित्रपट करायचा असेल तर उपयोगी पडतील.

१. आवाज बंद केला तर काय उरते? पहिल्यांदा आवाज पूर्ण बंद करून पाहिला. कोणीच घाबरले नाही, उलट हसू आले. मग डोळे मिटून नुसता ऐकला. पाढ्यांचा तो सूर आणि मध्येच दाणकन आपटणारे दार ऐकून दोघी-तिघींनी एकमेकींचे हात धरले. म्हणजे भीती आवाजात होती. १९४२ च्या ‘कॅट पीपल’ या चित्रपटात एक स्त्री रात्री एकटीच चालत असते आणि एकदम कर्कश आवाज येतो. तो असतो नुसत्या बसचा! तरीही प्रेक्षक दचकतात. तेव्हा ‘आम्ही काही भयंकर दाखवलेलेच नाही’ हे म्हणणे पुरेसे नाही. दाराचा आवाज आम्ही निम्म्याने कमी केला.

२. रक्त किती आणि किती वेळ? एका ठिकाणी तळहातावर रक्त दिसते. बिटाचा रस होता, पण तो पडद्यावर पाच-सहा सेकंद राहत होता. मुलांनी स्वतःच तो एका सेकंदावर आणला. गंमत म्हणजे त्यामुळे दृश्य जास्त परिणामकारक झाले.

३. कोणी नक्कल करील का? मूळ चित्रपटात एक मुलगा घाबरून गच्चीच्या कठड्यावर चढतो. कॅमेरा खाली होता आणि मागे दोन शिक्षक धरायला उभे होते, तरी पडद्यावर ते दिसत नाहीत. दिसतो फक्त कठड्यावरचा मुलगा. हे दृश्य कोणत्याही वयोगटात बसत नाही, कारण इथे प्रश्न भीतीचा नाही. उद्या कोणीतरी मधल्या सुट्टीत तसे करून पाहील, हा आहे. ते दृश्य काढून टाकले. काढताना मुलांना वाईट वाटले, कारण तो त्यांचा सगळ्यात आवडता शॉट होता. पण काढला त्यांनीच.

४. भूत म्हणून आपण कोणाला दाखवतो? सुरुवातीला भूत म्हणजे पांढरी साडी, मोकळे केस आणि लंगडत चालणारी बाई होती. एका मुलीनेच विचारले, ‘‘सर, माझी आजी पांढरीच साडी नेसते आणि तिचा गुडघाही दुखतो. ती पहिल्या रांगेत बसणार आहे.’’ वर्गात एकदम शांतता पसरली. विधवा, अपंग किंवा काळ्या रंगाच्या माणसाला भूत करणे ही आपल्या चित्रपटांची जुनी खोड आहे. वयोगट कितीही वरचा ठेवला तरी ती जात नाही. आता भूत दिसतच नाही, फक्त सावली आहे. त्यामुळे ते अधिक भीतिदायक झाले, हे खरे.

५. भीती घरी सोबत जाते का? हा प्रश्न आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटला. चित्रपटगृहातला वाडा चित्रपटगृहातच राहतो. आपला चित्रपट घडतो तो आपल्या शाळेत, आपल्या जिन्यावर, वरच्या मजल्यावरच्या शेवटच्या वर्गात. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिली-दुसरीच्या मुलांना त्याच जिन्याने संगीताच्या तासाला जायचे आहे. दहावीच्या मुलासाठी ती मजा असेल. सहा वर्षांच्या मुलासाठी ते भूत खरोखर तिथेच राहायला येईल, आणि पुढे कित्येक दिवस ते मूल पाणी प्यायलाही एकटे जाणार नाही. हाच चित्रपट दुसऱ्या शाळेत दाखवला तर कदाचित वयोगट थोडा खाली आणता येईल. इथे नाही.

आमचा निर्णय

या पाच प्रश्नांनंतर चित्रपट ‘१३ वर्षांवरील’ मुलांसाठी योग्य आहे, असे मुलांनी, शिक्षकांनी आणि विश्वस्तांनी मिळून ठरवले. ‘१६ वर्षांवरील’ नाही, कारण त्यात क्रौर्य नाही, भीती थोडा वेळ टिकते आणि शेवटी मुलगी सुखरूप घरी पोहोचते. ‘७ वर्षांवरील’ही नाही, कारण आवाजाची भीती आणि ओळखीची जागा लहानांना झेपणारी नाही. त्याप्रमाणे व्यवस्था अशी राहील.

मुख्य कार्यक्रम, नाच, नाटुकली आणि बक्षीस समारंभ सर्वांसाठी आहे. त्यानंतर पंधरा मिनिटांचे मध्यंतर होईल. चौथीपर्यंतची मुले आणि त्यांचे पालक मध्यंतरात घरी जाऊ शकतात किंवा खालच्या सभागृहात कथाकथनाला बसू शकतात. पाचवी ते सातवीची मुले आई, वडील किंवा घरातले मोठे माणूस शेजारी बसले तरच चित्रपटाला बसतील. नुसते ‘‘ताई आहे ना दहावीत’’ चालणार नाही, कारण ताई रंगमंचामागे असणार! आठवीपासून पुढची मुले बसू शकतात. पण ज्याला नको वाटेल त्याने खुशाल उठून बाहेर यावे. त्याला कोणी भित्रा म्हणणार नाही, ही जबाबदारी वर्गप्रमुखांची.

धाकट्यांना अगदीच वगळले असे वाटू नये म्हणून पुढच्या शनिवारी तिसरी-चौथीच्या वर्गात ‘चित्रपट कसा केला’ हे मुलेच दाखवणार आहेत. फळ्यावर खडू आपोआप कसा लिहितो? एक रेघ काढायची, कॅमेरा थांबवायचा, बाजूला व्हायचे, पुन्हा सुरू करायचा. अशा तुकड्या-तुकड्यांनी नाव पूर्ण होते. कसे केले हे कळले, की त्या वयाच्या मुलांची भीती पुष्कळ ओसरते.

पालकांसाठी आणि विश्वस्तांसाठी दोन शब्द

निमंत्रणपत्रिकेवर आणि चित्रपटाच्या सुरुवातीला आम्ही असे लिहिणार आहोत : ‘शाळेची शिफारस : १३ वर्षांवरील. अचानक मोठे आवाज, भीतिदायक प्रसंग.’ ‘यूए’ हे अक्षर किंवा मंडळाच्या प्रमाणपत्रासारखे काहीही छापणार नाही. ते अक्षर देण्याचा अधिकार मंडळाचा आहे, आपला नाही. आपण करतो ती शिफारस. सार्वजनिक प्रदर्शनासाठी मंडळाचे प्रमाणपत्र कायद्यानेच लागते. म्हणून पुढे तिकीट लावून किंवा बाहेरच्या सभागृहात हा चित्रपट दाखवायचे ठरले, तर विश्वस्तांनी आधी आपल्या मुंबईतल्या प्रादेशिक कार्यालयात विचारून घ्यावे.

एखादे मूल घाबरलेच, तर त्याला हसू नका, ‘‘एवढे काय त्यात’’ म्हणू नका. शेजारी बसा, हात धरा, रात्री दिवा लागू द्या. दुसऱ्या दिवशी उजेडात त्याच्याबरोबर त्या जिन्याने एकदा वरपर्यंत चढून या.

बैठक संपल्यावर दिग्दर्शन केलेला मुलगा मागे थांबला. म्हणाला, ‘‘सर, माझी बहीण पहिलीत आहे. तिला मी हा चित्रपट सातवीत गेल्यावर दाखवीन, शेजारी बसून.’’

स्नेहसंमेलनाला सर्वांनी अवश्य यावे.

– शिक्षक-मार्गदर्शक, चित्रपट गट